ब्रिस्टलपर्यंतचा संशय आणि एक ताट

माझे सासरे आमच्याकडे इंग्लंडात, रीडिंगला तीन महिन्यांसाठी आले आणि तिसऱ्याच आठवड्यात म्हणाले, "निखिल, माझं तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ."

"का हो बाबा?"

"काम आहे."

सतरा वर्षांपूर्वी रिटायर झालेल्या, कराडला एकट्याने राहणाऱ्या माणसाला ऑगस्टमध्ये अचानक काय काम निघतं, हे निखिलने विचारलं नाही. त्याला ते लागलं आणि लागलं की तो गप्प बसतो. मी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. ते माझ्यामुळेच चाललेत असा माझा पक्का संशय होता आणि तो खरा निघाला तर काय बोलायचं हे मला सुचत नव्हतं.

संशयाला पुरावे होते. बाबा आमच्याबरोबर जेवायला बसत नव्हते. श्रावण लागल्यापासून त्यांनी जाहीर केलं होतं की महिनाभर ते एकदाच जेवणार, सूर्य मावळायच्या आधी, मौन धरून, स्वतःच्या खोलीत. ऐकायला ठीक वाटतं. पण आमच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली आणि याच माणसाला मी श्रावणी सोमवारी कांदेपोह्यांवर वरून कच्चा कांदा घेताना पाहिलं आहे. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली, माणसं बदलतात, असं निखिल म्हणाला. बदलतात, पण एकदम मौनापर्यंत?

पुढे एक दिवस कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, फूड वेस्टच्या डब्यात मला वरणभात सापडला. फुकट येणाऱ्या पेपरात नीट गुंडाळलेला. त्यांच्या खोलीतली सतरंजी जागची हलली होती आणि खाली कार्पेटवर हळदीचा डाग होता. ड्रॉवरमधला एक मोठा चमचा गायब झाला. चहा दिला की ते म्हणत, "अर्धाच दे." दोन वर्षांपूर्वी हेच बाबा काठोकाठ भरलेला कप बशीत ओतून प्यायचे.

म्हणजे अन्न आवडत नाही, टाकून देतात, चहाही नको आणि आता तिकीट अलीकडचं. मी हिशेब जुळवून टाकला होता.

ब्रिस्टलची कल्पना माझ्या ऑफिसमधल्या सेलाममुळे आली. तिचा जन्म आदिस अबाबाचा. लंचला मी श्रावणाची तक्रार करत होते तेव्हा ती हसून म्हणाली, "आमचाही आत्ता उपासच चालू आहे." ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे पंधरा दिवसांचा उपास असतो. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. कडक पाळणारे दुपारी तीनपर्यंत पाणीही पीत नाहीत. ब्रिस्टलला तिच्या ओळखीच्या बाईंचं छोटं हॉटेल आहे आणि त्या पंधरवड्यात तिथे चुलीवर मांस चढतच नाही. "सासऱ्यांना तिकडे घेऊन जा. नाही म्हणायला त्यांना कारणच उरणार नाही."

मला नेमकं तेच हवं होतं. जेवण माझ्या हातचं नाही, स्वयंपाकघर शाकाहारी आणि उपास तर बाईंनाही आहे. तरीही बाबा जेवले नाहीत तर माझी सुटका. जेवले तर दोष माझ्या स्वयंपाकाचा. सहलीला जाण्याचं हे काही फार उदात्त कारण नव्हे, पण खरं सांगायचं तर शुक्रवारी सकाळी दहाला आम्ही गाडी काढली ती यासाठी.

गाडीत चौघं. निखिल चालवत होता, शेजारी बाबा, मागे मी आणि आमची अकरा वर्षांची इरा. बाबांनी ऑगस्टच्या उन्हात जाकीट घातलं होतं आणि उजवा हात जाकिटाच्या खिशात होता. वरच्या खिशातून पासपोर्टची कड दिसत होती.

"बाबा, पासपोर्ट कशाला? आपण देशाबाहेर चाललो नाही."

"असू दे. परक्या मुलखात कागद जवळ असावेत."

बाबा भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. आयुष्यभर शेतांच्या हद्दी मोजल्या. बांधावर उभा राहिलेला माणूस कधीच पूर्ण खरं बोलत नाही, हा त्यांचा आवडता सिद्धांत. तेव्हा संशय घेणं त्यांना नवीन नाही. पण त्या दिवशी ते घेत होते तो संशय आमच्यावर होता हे मला दुपारी ताटावर बसेपर्यंत कळलं नाही.

प्रवासाची माहिती हवी असणाऱ्यांसाठी: रीडिंगहून ब्रिस्टल एम-फोर महामार्गाने सरळ दीड तासाचं आहे. आम्ही वाट वाकडी केली. पंधरा नंबरच्या एक्झिटला उतरून मार्लबरोमार्गे एव्हबरीला गेलो. तिथे हजारो वर्षांपूर्वीचं दगडांचं प्रचंड वर्तुळ आहे आणि गंमत म्हणजे त्याच्या आत चक्क गाव वसलेलं आहे, पब आणि चर्चसकट. दगडांना तिकीट नाही, हात लावून बघता येतं, फक्त कार पार्कचे पैसे पडतात. मेंढ्या असतात, बूट घालून जा. डबा न्यायचा असेल तर सावलीची जागा लवकर पकडा.

बाबा गाडीतून उतरले आणि पहिल्या दगडापाशी थांबले. मग पावलं मोजत दुसऱ्यापर्यंत गेले. मग तिसऱ्यापर्यंत. इरा वही घेऊन त्यांच्या मागे.

"हे दगड मूळ जागेवर नाहीत," ते निखिलला म्हणाले.

"बाबा, दगड आहेत ते. कुठे जाणार?"

"माणसं हलवतात. मला विचार."

आणि ते बरोबर निघालं. माहितीच्या फलकावर लिहिलं होतं की बरेच दगड पडले होते, पुरले गेले होते आणि गेल्या शतकात ते पुन्हा उभे केले. जे सापडलेच नाहीत त्यांच्या जागी काँक्रीटचे छोटे खुंट बसवले आहेत. ते खुंट बघून बाबांचा चेहरा इतका खुलला की विमानतळावर इराला बघूनही तेवढा खुलला नव्हता.

"बघ इरा. दगड गेला तर गेला, पण तो कुठे होता ते तरी कबूल केलंय. कोणीतरी प्रामाणिक मोजणीदार होऊन गेला इथे. लिही, सत्तावीस पावलं."

"आजोबा, तूच लिही ना. तुझं अक्षर किती छान आहे!"

"चष्मा नाही आणला."

चष्मा त्यांच्या गळ्यात दोरीला लटकत होता. इराने तो बघितला, मी बघितला. इराने वहीत सत्तावीस लिहिलं. मी मनात आणखी एक नोंद केली: नातीसाठी चार आकडे लिहायचाही यांना कंटाळा.

मी घरून थालीपिठं नेली होती. बाबांनी हात आडवा केला, "नको. श्रावण." तो हातही डावाच होता. हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

ब्रिस्टलला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. शहराच्या मध्यात जुन्या गाड्यांना रोजचे पैसे भरावे लागतात, त्यामुळे आपल्या गाडीचा नंबर कौन्सिलच्या साइटवर आधी टाकून बघा. आम्हाला जायचं होतं ती ईस्टनची बाजू. तिथल्या बऱ्याच गल्ल्यांमध्ये फक्त रहिवाशांना पार्किंग आहे आणि पाट्या वाचल्याशिवाय गाडी सोडू नये. शहरात शिरताना लाल चौकोनात पांढरा H लिहिलेली पाटी आली. बाबा ताठ झाले.

"निखिल, हा एच म्हणजे हॉस्पिटल ना?"

"हो."

"आपल्याला तिकडे वळायचंय?"

"नाही बाबा. सरळ."

पुढच्या चौकात पुन्हा तीच पाटी. "इथेही नाही?"

"बाबा, आपण जेवायला चाललोय. किती वेळा सांगू?"

"तू सांगतोस," बाबा म्हणाले आणि पासपोर्टवर डावा हात ठेवून बाहेर बघत बसले.

नुसतं बाहेरून बघून ठरवायचं असतं तर या हॉटेलपाशी मी स्वतः थांबले नसते. एका बाजूला फोन दुरुस्तीचं दुकान, दुसऱ्या बाजूला न्हावी, मधे जाड पडदा लावलेली काच. मेनू बाहेर नाही. काचेवर हाताने लिहिलेला एक कागद, त्याची शाई उन्हाने उडालेली. आत सहा टेबलं आणि त्यातली चार म्हणजे टेबलं नव्हेतच, गवताच्या रंगीत काड्यांनी विणलेल्या, गुडघ्याएवढ्या उंच टोपल्या. भोवती बुटकी स्टुलं. धुपाचा वास होता. कोपऱ्यात दोन म्हातारे गृहस्थ कागद पसरून जोरजोरात वाद घालत होते, त्यांनी आमच्याकडे एकदाच पाहिलं आणि पुन्हा वाद सुरू केला. आम्ही सोडून गिऱ्हाईक तेवढंच.

"एवढं रिकामं?" बाबा मराठीत म्हणाले. "शुक्रवार दुपार. चांगलं हॉटेल रिकामं नसतं."

मालकीणबाईंचं नाव अल्माझ. साठीच्या आसपास, अंगावर पांढरी, रंगीत काठाची सुती ओढणी. निखिल म्हणाला, "मी फोन केला होता. वडील बरोबर आहेत, पंचाहत्तर वर्षांचे." त्या म्हणाल्या, "हो हो, पायऱ्या नकोत म्हणालात, तीन वाजता. ही जागा तुमच्यासाठीच ठेवली आहे." मग निखिलने हळूच विचारलं, इतकी शांतता का. "तीन वाजायचे आहेत," त्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाल्या. "आमची माणसं आत्ता कुठे यायला लागतील."

आणि आली. तीन वाजून दहा मिनिटांनी त्या खोलीत स्टूल शिल्लक नव्हतं.

मी बाबांकडे बघत होते. बाबा फोनबद्दलचं बोलणं ऐकून निखिलकडे बघत होते. "पंचाहत्तर वर्षांचे, पायऱ्या नकोत, तीन वाजता," ते सावकाश म्हणाले. "हे तू हॉटेलशी बोलत होतास?"

"मग कोणाशी?"

"नाही, काही नाही." त्यांनी जाकिटाचं वरचं बटण काढलं. गाडीत बसल्यापासून पहिल्यांदा.

मग ताट आलं. एकच. चौघांना मिळून एक. परातीएवढं, त्यावर पसरलेली इंजेरा, म्हणजे टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून केलेली मोठी, जाळीदार, मऊ पोळी. आंबोळीची आफ्रिकेतली बहीण म्हणा. आणि तिच्यावर ढीग: लाल मसूर, पिवळी डाळ, परतलेला पाला, कोबी-गाजर-बटाटा, बीट आणि मधोमध काहीतरी दाट, तपकिरी. चमचे नाहीत. काटे नाहीत.

"सगळ्यांनी एकाच ताटात?" बाबांनी अल्माझबाईंना थेट इंग्रजीत विचारलं. सरकारी नोकरीतलं इंग्रजी, व्याकरण चोख. "उष्टं होत नाही का?" उष्टं हा शब्द त्यांनी मराठीतच ठेवला आणि मग समजावून सांगितला.

बाईंना तो लगेच समजला. "प्रत्येकाने आपल्या समोरचं खायचं. दुसऱ्याच्या बाजूला हात घालणं वाईट दिसतं."

"म्हणजे हद्द आहे."

"आहे तर."

हे पसंत पडलं. बाबा ताटावर वाकले आणि इराला म्हणाले, "बघ, हा गावचा नकाशा. लाल ती मसुराची जमीन, बागायत. हिरवा पाला ओढ्याकाठचा. मधे गावठाण." त्यांनी वास घेतला, भुवया वर केल्या. "आणि गावठाणात पिठलं आहे."

खरंच होतं. त्याला शिरो म्हणतात. हरभऱ्याचं पीठ, कांदा, लसूण, तिखट. चार हजार मैलांवरचं पिठलं.

"मग घ्या ना बाबा," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा जास्त तीक्ष्ण निघाला.

"तुम्ही घ्या. मला श्रावण आहे."

निखिलने ताटाकडे नेलेला हात मागे घेतला. "बाबा, इथे दूध-तूपसुद्धा नाही. ही सगळी माणसं उपाशी होती तीन वाजेपर्यंत. यांचा उपास सुटला, तुमचा का नाही?"

"माझी पद्धत वेगळी."

"कुठली पद्धत? आई असताना तुम्ही एकादशीला चिवडा खायचात!"

शेजारच्या टोपलीवरची माणसं आमच्याकडे बघायला लागली. भाषा कळली नसेल, पण बापलेकांचं भांडण कळायला भाषा लागत नाही. नेमक्या त्याच वेळी अल्माझबाई एका हातात पितळी घागर आणि दुसऱ्या हातात घमेलं घेऊन आल्या. हात धुवायला. त्यांच्याकडे पाहुण्यांना उठवत नाहीत, पाणीच टेबलाशी येतं. गर्दीत ताट आधी आलं होतं आणि पाणी मागून. इराने दोन्ही हात पुढे केले. मी केले. निखिलने केले. बाबांनी डावा केला.

त्या थांबल्या. पाणी ओतलं नाही. घमेलं गुडघ्यावर टेकवलं, मोकळा हात पुढे केला आणि वाट बघत राहिल्या. वयाने जवळपासची बाई समोर उभी आहे, पाणी घेऊन. बाबा जुन्या वळणाचे. त्यांनी खिशातून उजवा हात काढला आणि बाईंनी तो लगेच आपल्या हातात घेतला, घट्ट, आणि वरून पाणी ओतलं. रुमालाने पुसूनही त्यांनीच दिला. मला काहीच दिसलं नाही. मला वाटलं, काय आदरातिथ्य आहे!

मग बाईंनी इंजेराचा तुकडा तोडला, मसूर गुंडाळला, छान गोळा केला आणि तो इराच्या हातात देऊन म्हणाल्या, "हा तुझ्या आजोबांना. तुझ्या हाताने, त्यांच्या तोंडात. आमच्याकडे याला गुर्शा म्हणतात. घास जेवढा मोठा तेवढं प्रेम. आणि नाही म्हणायचं नसतं." शेवटचं वाक्य त्यांनी बाबांकडे बघून म्हटलं.

इराने घास धरला. चांगला लिंबाएवढा होता.

"आजोबा, आ कर."

बाबांनी घासाकडे बघितलं, नातीकडे बघितलं, मग डोळे बारीक करून विचारलं, "काय आहे त्यात?"

"मसूर. आणि लव्ह. ती म्हणाली ना आत्ता."

शेजारच्या टोपलीवरचे सगळे हसले. हे त्यांना कसं कळलं देव जाणे. बाबांनी आ केला. बराच वेळ चावत राहिले, घास मोठाच होता. मग म्हणाले, "आंबट आहे. चांगलं आहे." इराने दुसरा केला, पिठल्याचा. तिसरा कोबीचा. ते खात होते. तीन आठवड्यांत पहिल्यांदा आमच्यासमोर जेवत होते आणि भराभर, भूक लागलेल्या माणसासारखे. माझ्या मनात आलं, झालं. ठरलं. दोष माझ्याच हातच्या जेवणाचा.

"आता तुझी टर्न," इरा म्हणाली. "गुर्शा परत द्यायचा असतो. ती बघ, ते पण देतात."

शेजारी खरंच एक जाडजूड गृहस्थ आपल्या बायकोला भरवत होते आणि ती लाजून नको नको म्हणत होती. इराने तोंड उघडलं आणि तशीच बसून राहिली. दातांना ब्रेसेस, डोळे मिटलेले.

बाबा थांबले. मग त्यांनी उजव्या हाताने तुकडा तोडला. डाव्याने भरवायचं नसतं, ते कराडलाही नाही आणि इथेही नाही. मसूर उचलला. आणि हात ताटाच्या हद्दीबाहेर आला तसा थरथरायला लागला. थोडा नाही. मनगटापासून, सारखा. मसूर ताटात पडला, टोपलीच्या काठावर पडला, इराच्या पांढऱ्या टॉपवर दोन लाल ठिपके पडले. इराने डोळे उघडले. आजोबांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, आपल्या तोंडाकडे ओढलं आणि घास खाल्ला.

"तिखट," ती तोंड भरलेलं असताना म्हणाली. "वन मोअर."

निखिलने विचारलं, "कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि कोणाला दाखवलं नाही?"

"दाखवलं. साताऱ्याला दाखवलं, पुण्याला दाखवलं. गोळ्या चालू आहेत. ताबडतोब काही होणार नाही म्हणाले. पण जाणारही नाही."

"मग मला सांगितलं का नाही बाबा?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, परत जायचं नाही, इथेच राहायचं." बाबांनी ताटाकडे बघत सांगितलं. "आता म्हणशीलच. परवा फोनवर ऐकलं, पंचाहत्तर वर्षांचे, पायऱ्या नकोत. मला वाटलं डॉक्टर ठरवलाय. नाहीतर म्हाताऱ्या माणसांना ठेवतात तसली जागा. म्हणून पासपोर्ट घेऊन आलो."

निखिलने माझ्याकडे बघितलं. पंधरा वर्षांचा संसार आहे, तो काय म्हणणार होता ते मला स्पष्ट दिसलं: इथेच राहायचं.

मी मात्र माझ्याच संशयाच्या गाळात रुतले होते. "बाबा, मला वाटलं तुम्हाला माझ्या हातचं आवडत नाही. कचऱ्यात वरणभात..."

"सांडला होता, मेघना. चमच्याने खायला गेलो, डाव्या हाताने. कार्पेटवर पडला. तुला त्रास नको म्हणून." मग जरा विचार करून म्हणाले, "तुझं वरण पातळ असतं. एवढीच तक्रार आहे. पातळ वरण चमच्यात राहत नाही."

मी हसले की रडले ते सांगता येणार नाही. निखिल म्हणतो दोन्ही.

इथे जाणार असाल तर कॉफीशिवाय उठू नका. तासभर हाताशी ठेवा. हिरव्या बिया तुमच्यासमोर तव्यावर भाजतात, धुराचा तवा प्रत्येकाच्या नाकापाशी फिरवतात, मग कुटून काळ्या मातीच्या सुरईत उकळतात. तीन फेऱ्या होतात, दर फेरीला कॉफी थोडी फिकी. सोबत मक्याच्या लाह्या. कप कानाशिवायचे, बोटभर उंचीचे आणि ते काठोकाठ भरण्यात बाईंची शान. आम्हा तिघांचे कप काठोकाठ भरले. बाबांचा त्यांनी अर्धाच भरला. न विचारता. तीनही फेऱ्यांना.

बाईंना तासाभरात दिसलं ते मला तीन आठवडे घरात राहून दिसलं नव्हतं. मी कचऱ्याचा डबा तपासत होते. चौघांचं पोटभर जेवण, कॉफीसकट, साठ पौंडांच्या आत झालं, हे ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. शुक्रवार असेल तर तीनच्या आधी पोचून जागा धरा.

संध्याकाळी क्लिफ्टनचा झुलता पूल बघायला गेलो. पायी जाणाऱ्यांना पैसे नाहीत. खाली दरी, नदीचा चिखल, वारा भरपूर. उंचीची भीती असेल त्यांनी कठड्यापासून लांबच्या बाजूने चालावं. बाबा कठड्याला धरून चालत होते, दोन्ही हात जाकिटाबाहेर. मध्यावर थांबून ते निखिलला म्हणाले, "आता हद्द ठरवून टाकू. मोजणी झाली आहे, वाद कशाला?"

"ठरवा."

"तिकीट अलीकडचं नको. ठरलेल्या दिवशी जाईन. पण जाईन."

"आणि तिकडे एकटे?"

"सकाळी पोळ्यांना बाई येते, तिला दुपारीही यायला सांगतो. शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवतो. पडलो, काही झालं, तर तू म्हणशील ते. तोपर्यंत मी म्हणतो ते."

निखिलने खाली चिखलाकडे बघितलं. "आणि लपवायचं नाही," तो म्हणाला. "काहीही. हे माझ्या बाजूचं."

"ते कबूल. सही मात्र मागू नकोस," बाबा म्हणाले आणि स्वतःच हसले. "ती आता जुळत नाही."

परतताना एम-फोरला ट्रॅफिक होतं, शुक्रवारी असतंच. बाबा मागे इराशेजारी बसले आणि झोपले. पासपोर्ट घसरून सीटखाली गेला होता, तो आम्हाला रविवारी सापडला.

बाबा ठरलेल्या दिवशी, ऑक्टोबरमध्ये, कराडला गेले. त्या आधीचे नऊ आठवडे ते आमच्याबरोबर टेबलाशी जेवले. मौन सुटलं, ते इतकं की कधीकधी मला श्रावणाची आठवण यायची. वरण मी दाट करायला शिकले. गायब झालेला चमचा त्यांच्या उशीखाली निघाला, तो त्यांनी सोबत नेला. निखिल अजून रात्री विमानतळापासून कराड किती लांब ते बघत बसतो, पुण्याहून किती, कोल्हापूरहून किती. संशय त्याचा गेलेला नाही. फोनवर बाबा "बरा आहे" म्हणाले की तो विचारतो, "म्हणजे नक्की कसे?" बाबा सांगतात. कधी कधी जास्तच सांगतात.

रविवारी आमची दुपार म्हणजे त्यांची संध्याकाळ. दोन्हीकडे ताटं वाढलेली असतात. बाबा फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवतात, चमचा डाव्या हातात, उघड. सांडलं तर सांडलं म्हणतात आणि पुसतात. गेल्या रविवारी इराने घास केला, नेहमीसारखा लिंबाएवढा, आणि फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरला.

"आजोबा, आ कर."

तिकडे बाबांनी चमचा खाली ठेवला, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि स्क्रीनजवळ वाकून डोळे बारीक केले.

"काय आहे त्यात?"